आईचा रकाना

हमीदभाई, तुमच्या जियारतीला, तिसऱ्या दिवशीच्या दुआला, आले तेव्हा माझ्या पिशवीत यादी होती. आणायची नव्हती. सकाळी पाण्याची बाटली, चष्मा, भाभींसाठी घेतलेले खजूर असं एकेक भरत गेले आणि सवयीनं ती प्लास्टिकची फाइलही आत गेली. एकसष्ट शेळ्या. प्रत्येकीच्या नावापुढं गाव, मालक, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि शेवटी आईचा रकाना. एकसष्ट आयांपुढं एकसष्ट प्रश्नचिन्हं. गुरुवारी आपण त्या घेऊन बसणार होतो. तुम्ही बुधवारी गेलात.

आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले. भाभींचा हात हातात घेतला. त्या जरा वेळानं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काम राहिलं का हो ताई तुमचं? शेवटी शेवटी तेच म्हनत होते, ताईचं काम राहिलंय."

मी म्हणाले, "नाही भाभी. झालं सगळं."

पिशवी मांडीखाली सरकवली. घरी येईपर्यंत मला दुसरं काही आठवलं नाही, फक्त हे, की तुमच्या घरात बसून मी पुन्हा एकदा खोटं बोलले.

पुन्हा एकदा का, ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. तुम्ही असताना सांगायला हवं होतं, आणि वेळही भरपूर होता.

आपली शेळीपालकांची संस्था धाराशिवकडच्या वाशीत सुरू झाली तेव्हा कार्यालयाचं सगळं माझ्याकडं आलं आणि रानातलं सगळं तुमच्याकडं. तुम्ही त्याआधी तीस वर्षं बाजार केलेले. येरमाळ्याचा, भूमचा, परंड्याचा. काळ्या उस्मानाबादी शेळ्यांचा कळप समोरून गेला तर मला नुसता काळा रंग दिसायचा. तुम्ही म्हणायचात, ही अन् ती सख्ख्या बहिणी, चाल बघा. मी विचारायचे, चालीचा काय पुरावा? तुम्ही हसून म्हणायचात, पुरावा तुमच्या कपाटात, चाल माझ्या डोळ्यात, दोन्ही मिळून एक हापिस झालं.

काम साधं होतं आणि महत्त्वाचं होतं. कोणती शेळी कुणाची लेक, कोणता बोकड कुणाचा, हे लिहून ठेवायचं. पैदाशीसाठी बोकड एका गावातून दुसऱ्या गावात द्यायचा तर तो तिथल्या शेळ्यांच्या नात्यातला निघता कामा नये, नाहीतर करडं दुबळी होतात. म्हणून आपला वंशाचा दाखला. त्या दाखल्यावर बाहेरच्या संस्था डोळे झाकून बोकड घ्यायच्या. डोळे झाकून, कारण तुम्ही उघडे ठेवलेले असायचे.

आपण गावोगाव फिरलो. तुम्ही मोटरसायकलवर पुढं, मी स्कुटीवर मागं. तुम्ही कधी चाळीसच्या वर गाडी नेली नाही आणि खड्डा आला की डावा हात वर करायचात. इतकी वर्षं त्या हाताच्या भरवशावर मी या तालुक्यातले रस्ते पार केले आणि त्याबद्दल एकदाही आभार मानले नाहीत. माझ्या रोजच्या कामाच्या याद्यांची तुम्ही चेष्टा करायचात. "ताई, यात श्वास घेणे लिवलंय का? न्हाय तर इसराल." मी खरंच विसरते हो काही काही. यादीत असतं तेवढंच माझ्याकडून होतं, आणि जे यादीत घालायला मन धजत नाही ते राहून जातं.

मग ते सॉफ्टवेअर आलं. तुमच्या भाषेत यंत्र.

पुण्याहून कंपनीचा माणूस आला होता. त्यानं प्रोजेक्टर लावून दाखवलं, की प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं. रकाने उचलायचे, जागेवर सोडायचे, झालं सॉफ्टवेअर तयार. पैदाशीच्या नोंदींसाठी त्यांच्याकडं तयार साचाही होता. मला त्या दिवशी जे वाटलं ते कबूल करते. आयुष्यभर दुसऱ्यांनी छापलेल्या रजिस्टरांत लिहीत आले होते, आणि आता रजिस्टरच मी तयार करणार होते. पंधरा दिवसांत मी शेळीचा फॉर्म केला, वेताचा केला, बोकडाचा केला. मोबाइलवरून नोंद होते, हे तुम्हाला दाखवलं. तुम्ही फोन लांब धरून, मान मागं घेऊन बराच वेळ बघितलंत. मग विचारलंत, "आत घ्यायलंय ते बरं हाय. भाईर काढायची वाट कुठं हाय?"

मी म्हणाले, बाहेर कशाला काढायचंय?

"वाडगं बांधताना मानूस आधी दार कुठं ते बघतोय, ताई. जनावर आत जायला नव्हं. भाईर काढायला."

मी म्हणाले, हमीदभाई, ह्या काय शेळ्या आहेत का, ही माहिती आहे. सभेत तुमच्या प्रश्नाची नोंदसुद्धा मी घेतली नाही. इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

पहिली अडचण पहिल्याच आठवड्यात आली. आईच्या रकान्यावर लाल तारा होता. तो भरल्याशिवाय नोंद जतनच होत नव्हती. बाजारातून आणलेल्या शेळीची आई कुठून सांगणार? मी कंपनीला फोन केला. ते म्हणाले, ती साच्याची मूळ रचना आहे, तुम्हाला बदलता येणार नाही. नंतर कळलं, तो साचा मुळात परदेशातल्या शर्यतीच्या घोड्यांसाठी केलेला होता. तिथं प्रत्येक घोड्याच्या सात पिढ्या लोकांना पाठ असतात. आमच्या कोंडाबाईनं पावसात भिजत येरमाळ्याच्या बाजारातून आणलेली तरणी शेळी त्या साच्यात कशी बसणार? आणि ती बसत नाही म्हटल्यावर साचा बदलायचा, की शेळी?

मी तुम्हाला सांगितलं, काहीतरी टाका, पुढं दुरुस्त करू.

तुम्ही म्हणालात, "आईच्या जागी काहीतरी कसं टाकायचं?" आणि दोन दिवस नोंदीच केल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नोंदी येऊ लागल्या. मला वाटलं, ऐकलं माझं.

वर्षअखेरीला सभेसाठी अहवाल काढला, तेव्हा कळलं तुम्ही काय केलं होतं. सर्वाधिक करडं देणारी शेळी या मथळ्याखाली नाव होतं: नामालूम. अकरा गावांत तिची लेकरं. तुम्ही एक शेळीच नोंदवली होती त्या नावाची, जुन्या सरकारी कागदात माहीत नसलेल्या बापाच्या जागी लिहायचे तसं. रंग नाही, वय नाही, मालक नाही. जिची जिची आई ठाऊक नाही ती हिच्या पदरात.

आज मला वाटतं, त्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढी एकच खरी हुशारी होती, आणि ती तुमची होती. त्या दिवशी मला फक्त चूक दिसली. अध्यक्ष हसतील, बाहेरच्या संस्था काय म्हणतील. दोन दुपारी बसून मी तिची सगळी लेकरं काढून घेतली आणि त्या त्या गोठ्यातल्या सगळ्यात वयस्क शेळीच्या नावावर लावून टाकली. मग तुमची नामालूम पुसली. अहवाल देखणा झाला.

पुढच्या आठवड्यात तुम्ही फोन घेऊन माझ्या टेबलाशी आलात. म्हणालात, "ताई, माझी नामालूम कुठं गेली?"

आणि मी, हमीदभाई, मान वर न करता म्हणाले, "सिस्टीमनं साफ केली असेल. अपडेट आलं होतं."

तुम्ही फोन खिशात ठेवलात. मग "बरं" म्हणून गेलात. त्यानंतर बाजारातल्या शेळ्यांच्या नोंदी तुम्ही माझ्यासमोर बसून करू लागलात आणि आईच्या रकान्याशी आलात की फोन माझ्याकडं सरकवायचात. मी भरायचे. कसं भरायचे ते आता सांगायला नको.

आठ वर्षं हे चाललं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं चाललं. नात्यातले बोकड टळले. सास्तूरला भूकंपानंतर एका ओळीत बांधलेल्या घरांसमोर उभं राहून तुम्ही फोनवर तीन पिढ्या दाखवल्या तेव्हा तिथली म्हातारी माणसं फोनकडं नाही, तुमच्याकडं बघत होती. यंत्रावर तुमचा विश्वास नव्हता तरी त्यात रोजची नोंद तुमचीच असायची, आणि माझा पूर्ण विश्वास होता म्हणून मी कधी त्याच्या आत डोकावून बघितलं नाही.

नावांचं तर मला ठाऊकच नव्हतं. घरातली शेळी मेली की तिचं नाव तिच्या लेकीला द्यायचं, मेलेलीचा बिल्ला कापून काढायचा आणि लेकीच्या गळ्यात दोरीनं बांधायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. चंद्री गेली की तिची लेक चंद्री. घराला चंद्री लागतेच. तुम्ही बिल्ल्यावरून कधी कुणाशी भांडला नाहीत, कारण तुम्हाला पहिली चंद्री कोणती अन् तिसरी कोणती हे ठाऊक असायचं. यंत्रालाही ठाऊक होतं. ते प्रत्येक नोंदीला आतल्या आत स्वतःचा एक नंबर द्यायचं, जो आपल्याला कधी दिसला नाही. म्हणजे आपल्या शेळ्यांची खरी ओळख तुमच्या डोक्यात होती आणि त्या कंपनीच्या पोटात. कार्यालयात कुठंच नव्हती.

मागच्या हिवाळ्यात कंपनीचं पत्र आलं. जुनी आवृत्ती बंद होणार, नव्या आवृत्तीत जुने फॉर्म येणार नाहीत, अमुक तारखेच्या आत माहिती उतरवून घ्या. मी माहिती उतरवली. एक्सेलची फाइल आली. ओळी मोजल्या, बरोबर भरल्या. यादीत बरोबरची खूण केली आणि पुढच्या कामाला लागले. आईचा रकाना उघडून बघितला नाही. बघितला तो तारीख उलटून गेल्यावर, एका दाखल्यासाठी. चंद्रीची आई चंद्री. तिची आई चंद्री. तिघींचा बिल्ला एकच. आतले नंबर आलेच नव्हते. शेळ्या सगळ्या आल्या होत्या, नाती मागं राहिली होती.

फोनवर जी मुलगी होती ती नम्र होती. म्हणाली, मॅडम, डेटा तुमचाच आहे, रचना आमची आहे, जुना सर्व्हर आता नाही. मी तिच्यावर ओरडले. ओरडून झाल्यावर लक्षात आलं की ती चुकीचं काही सांगत नाहीये. मंजूर असं आम्हीच लिहिलं होतं.

मग मी तुमच्याकडं आले. तोवर तुमचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा धाराशिवला. मधल्या दिवसांत सकाळी मी यायचे, तुम्ही बाजेवर उशीला टेकून बसायचात आणि मी एकेक नाव वाचायचे. तुम्ही डोळे मिटून सांगायचात. ही तेरखेड्याची, हिची आई डाव्या कानाला पांढरी होती ती, दुसऱ्या वेताची. हिला जुळी झाली त्या दिवशी मालकाची सून माहेरी गेली होती. मी भराभर लिहायचे. इतकं कसं ध्यानात राहतं असं विचारलं तर म्हणालात, "म्या कुठं ध्यानात ठेवलंय? त्या हायेत तितं." भाभी दारात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, एवढं आमच्या लग्नातलं आठवत न्हाई त्यांना.

मला त्या सकाळी फार आवडायच्या. हेही सांगायला हवं. तुम्ही आजारी होतात आणि मला तिथं यायला आवडायचं.

पण मधेच तुम्ही डोळे उघडायचात. "थांबा ताई. ही तर बाजारातली. हिला आई कुठनं आली?" मी फाइलीत बघायचे. गोठ्यातल्या वयस्क शेळीचं नाव असायचं. माझंच काम. तुम्ही मान हलवायचात. "हे बी त्या यंत्रानं केलेलं दिसतंय."

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पान उलटलं. दुसऱ्यांदा म्हणाले, हो, असेल. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, आणि मी सगळं मोजते. दर वेळी तुम्ही माझ्यासाठी दार उघडून धरल्यासारखं वाटायचं आणि दर वेळी मी पुढचं नाव वाचायचे.

एकदा तर डायलिसिस चालू असताना फोन केला. एका बोकडाचा दाखला अडला होता. तुम्ही यंत्राला लावलेले, तरी उचललात. माझं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ताई, हे इथलं मशीन चांगलं हाय. रक्त भाईर काढतंय, साफ करतंय, परत आत घालतंय. तुमचं नुसतंच गिळत व्हतं." मी हसले. बोकडाच्या आईचं नाव लिहून घेतलं. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायचं फोन ठेवल्यावर आठवलं.

एकसष्ट नावं उरली होती तेव्हा आपलं शेवटचं भांडण तुमच्या बाजेजवळच झालं. तुम्ही म्हणालात, जिथं म्हाईत न्हाय तिथं तसंच लिवा. मी म्हणाले, मग दाखला देता येणार नाही, बाहेरच्या संस्था आईचं नाव मागतात. तुम्ही म्हणालात, मग न्हाय देता आला दाखला. मी म्हणाले, हमीदभाई, लोकांचे बोकड पडून राहतील, तुम्हाला बोलायला काय जातंय. असं म्हणाले मी. तुमचे पाय सुजले होते, तुम्ही ते चादरीखाली ओढून घेतलेत. म्हणालात, "तुमी थकलाव ताई. गुरुवारी बसू."

जियारतीनंतर चार दिवसांनी अध्यक्षांनी मला बोलावलं. फाइल त्यांच्यासमोर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. एकसष्ट नोंदींत कोणती आई खरी, कोणती चंद्री कुठली, आणि कोणती आई मी बसवलेली, हे आता कुणीच सांगू शकत नाही. यातल्या काहींच्या वंशातले बोकड दाखल्यानं बाहेर गेलेत. कोंडाबाईचा सुलतान तर पुढच्या महिन्यात परंड्याकडच्या संस्थेला जायचा आहे, आणि त्याची आजी मी ठरवलेली आहे.

अध्यक्ष वाईट माणूस नाहीत. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, कंपनीवर ढकलता येणार नाही, ते पुरावे मागतील. नोंदी हमीदभाईंच्याच लॉगिननं आहेत. त्यांच्या हातून झालं म्हणू. माणूस गेला, विषय संपला, त्यांना आता कुणी विचारायला येत नाही.

मी म्हणाले, विचार करून सांगते. लगेच नाही म्हणाले नाही, हमीदभाई. ते मला म्हणायला हवं होतं. घरी आले, भाकरी केल्या, धुणं वाळत घातलं, आणि तोवर मनात हिशेब मांडत होते की यानं कुणाचं काय बिघडेल. दाखले परत घेता येतील, कारण सांगता येईल, माझी नोकरी राहील. जाईल ते फक्त एकच. बाजारात, रानात, अकरा गावांत, हमीदभाईनं सांगितलं म्हणजे खरं, असं जे म्हणतात ते. आणि तेवढंच तुम्ही मागं ठेवून गेलात. घर सोडलं तर दुसरं काहीच नाही.

सभा संस्थेच्या शेडमध्ये झाली. मी उभी राहिले आणि सगळं क्रमानं सांगितलं. साचा कसा घेतला, तुम्ही काय विचारलं होतं, मी ते का लिहून घेतलं नाही. नामालूम कुणाची होती आणि कुणी पुसली. माहिती उतरवल्याची खूण न बघता कशी केली. बाजूला अध्यक्ष छताकडं बघत होते.

कोंडाबाई पुढंच बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी माझ्या सुलतानाची आज्जी तुमी हापिसात बसून ठरवली?"

मी म्हणाले, "हो."

मागं दोघं-तिघं हसले. ती नाही हसली. "हमीदभाईनं मला भर उन्हात हुभं करून तीनदा इचारलं व्हतं. कुणाकडनं घेतली, तिच्या आईचं कान कसं व्हतं. म्या म्हनलं, न्हाय बाबा ठावं. मला लाज वाटली. तर म्हनले, न्हाय ठावं असं बी लिवता येतंय मावशी, त्यात कसली लाज." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "त्यास्नी सांगितलं व्हतं का, तुमी केलंय म्हनून?"

"नाही."

ती पदर सावरून उठली आणि शेडच्या बाहेर गेली.

सुलतान आता परंड्याला जाणार नाही. एकसष्ट नोंदींचे दाखले थांबवलेत. बाहेर गेलेल्या बोकडांच्या संस्थांना मी स्वतः जाऊन सांगायचं, असं ठरलं. नोंदी आता साध्या फाइलीत ठेवायच्या, जी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल, आणि दर महिन्याला कागदावर छापून. प्रत्येक शेळीला आपला नंबर आपणच द्यायचा, मेलेल्या शेळीचा नंबर पुन्हा कुणाला नाही. नाव हवं तर द्या, चंद्री घराला लागतेच. आणि आईचा रकाना रिकामा ठेवायची मुभा. हा शेवटचा ठराव मांडताना मी सूचक म्हणून तुमचं नाव घातलं. अध्यक्ष म्हणाले, मयत सभासदाचं नाव घालता येत नाही. मी म्हणाले, त्यांनी सूचना केली तेव्हा ते हयात होते, लिहून घेतली नाही ती मी. नाव राहिलं.

मग मी भाभींकडं गेले. त्या इद्दतीत आहेत, तुमच्यामागं चार महिने दहा दिवस बाहेर येत नाहीत, आतल्या खोलीतच बसलो. आधी म्हणाले, भाभी, काम झालंय असं मी सांगितलं होतं ते खोटं होतं. मग ती दुसरी, जुनी गोष्ट सांगितली. नामालूम त्यांना ठाऊक होती. तुम्ही घरी सांगितली होतीत तर. मी म्हणाले, ती सिस्टीमनं नाही गेली, मी पुसली, आणि त्यांना खोटं सांगितलं.

मला वाटलं, त्या रागावतील, किंवा म्हणतील जाऊ द्या, माणूस गेला आता. त्या हातातला दुपट्टा घडी करत राहिल्या. पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली.

म्हणाल्या, "त्यांना वाटायचं त्यांच्याच बोटानं गेली. बोट जाड, फोनवर कुठंबी दाबलं जातंय म्हनायचे. तुमी मशीनचं नाव घेतलं ते त्यांना सांभाळून घ्यायला, असं वाटायचं त्यांना. ताई चांगल्या हायेत, मला बोलल्या न्हाईत, म्हनायचे. मग आईच्या जागी कदी हातच लावला न्हाई त्यांनी. म्हनायचे, माझ्या बोटाचा भरवसा न्हाई."

घरी आले आणि हे लिहायला घेतलं.

तुमच्या बोटानं काहीही गेलं नव्हतं, हमीदभाई.